हिरवं कुलूप

सोमवार, ११ नोव्हेंबर, रानशेत

आले एकदाची. चारोटी नाक्यावर बसमधून उतरले तेव्हा एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात वायरी आणि डब्यांनी भरलेली पिशवी आणि पोटात कावळे. नाक्यावर भजी खाल्ली, दोन चहा घेतले आणि मगच नविनभाईंना फोन केला. उपाशी पोटी मालकाला भेटू नये, माणूस कशालाही हो म्हणून बसतो.

नविनभाईंची कंपनी आसपासच्या पाड्यांवरून मिरची, ढोबळी, चवळी गोळा करते आणि वाशीच्या बाजारात पोचवते. शेतांवर फिरणारी माणसं कंपनीच्या ॲपवर माल नोंदवतात, ऑफिस त्याच ॲपवरून त्यांना पुढचा फेरा सांगतं. त्यांचे मोबाइल आणि ऑफिसचा सर्व्हर यांच्या बोलण्यात तिसरं कुणी घुसू नये, हे बघायला मला आणलंय. नाशकात आई शेजारणींना सांगते, आमची रोशनी कंप्युटरची वॉचमन आहे. चूक नाही म्हणता येणार.

खोली बुधीबाईंच्या घरात मिळाली. जुनं घर कुडाचं, त्याला चिकटून ही विटांची नवी खोली. त्यांची मुलगी दक्षा आमच्याच कंपनीत फेऱ्यावर असते. माझ्याच वयाची. स्कूटर अशी हाणते की कोंबड्या आवाज ऐकूनच बाजूला होतात. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी आले, हे तिने पहिल्या भेटीत चहा गाळता गाळता सांगून टाकलं. मला ती आवडली.

बुधीबाईंची मात्र कमाल आहे. पाणी हवं होतं म्हणून हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली, तरी नाही. कानाने अधू असतील म्हणून तिसऱ्यांदा ओरडले, तर शांतपणे म्हणाल्या, "काय गो पोरी, ऐकलाय मी." मग समजावलं, "पैल्या हाकेला ओ देवाची नाय. दुसरीलाबी नाय. मेलेला माणूस तिसरी हाक मारीत नाय." दक्षा तोंडाला ओढणी लावून हसत होती. पण तिचंही तेच. तिला फोन केला तर दोनदा वाजून कट होतो, तिसऱ्यांदा उचलते.

जेवताना भूकंपाचा धक्का बसला. भांडी खणखणली, मी ताटासकट अंगणात. बुधीबाई तशाच भात वाढत राहिल्या. नेहमीचाच, धुंदलवाडीकडचा असेल, जेव म्हणाल्या. इथे माणसांना कशाची भीती वाटते आणि कशाची नाही, हे शिकायला मला वेळ लागेल असं दिसतंय.

बुधवार, १३ नोव्हेंबर

सर्व्हर चारोटीच्या गोदामात, वरच्या मजल्यावर. खाली मिरचीचे क्रेट, त्यामुळे अख्ख्या ऑफिसला कायम शिंका. माझ्या आधी इथे सुदाम म्हणून एकजण होता, इथल्याच पाड्यावरचा, शिकलेला, आता वापीला मोठ्या कारखान्यात आहे. त्याचं काम बघून मान डोलावली. प्रत्येक मोबाइलला त्याने वेगळं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, दिलंय. मोबाइल आला की सर्टिफिकेट दाखवतो, सर्व्हर ते तपासतो, मगच दोघांमधली बंद वाट उघडते. मधल्यामधे कुणी कान लावला तरी त्याला नुसती खरखर.

पण एक गोष्ट बघून कपाळावर हात मारला. खरं सर्टिफिकेट असलेला मोबाइल आला तरी हा सर्व्हर पहिल्यांदा त्याला उत्तरच देत नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मोबाइलने दार वाजवलं की मग उघडतो. सुदामने हे मुद्दाम लिहिलंय. त्यामुळे शेतात रेंज आधीच तोळामासा, त्यात ॲप उघडायला युगं लागतात, माणसं शिव्या घालतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चोराकडे सर्टिफिकेटच नाही, त्याला तर दहाव्यांदाही दार उघडायचं नाही. मग खऱ्याला ताटकळत का ठेवायचं?

बुधीबाईंच्या हाका आठवल्या आणि एकटीच हसले.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सुदामचा नियम काढून टाकला. आता पहिल्या ठोक्याला दार उघडतं. नविनभाई तर खूश होऊन म्हणाले, "बेन, तमे तो जादू केली."

दुपारी फेऱ्यावरच्या सगळ्यांना गोदामात बसवून शिकवलं. ॲपवरून आता थेट बोलताही येतं. मी कॉल केला की माझं नाव, फोटो आणि खाली हिरवं कुलूप दिसेल. बाहेरच्या नंबरवरून कुणी माझं नाव सांगून काही करायला सांगितलं तर ऐकायचं नाही. पण हिरवं कुलूप दिसलं की मीच.

सराव म्हणून एकेकाला कॉल केला. सगळ्यांनी उचलला. दक्षा स्क्रीनकडे बघत बसली. एकदा वाजून बंद, दुसऱ्यांदा वाजून बंद. मी चिडले. म्हटलं, शेतावर अडचण आली आणि मी तुला कॉल करतेय, तर तू काय मोजत बसणार? तिने विचारलं, "पण ताई, तूच हायेस ता मला कसा कळवाचा?" मी स्क्रीनवर बोट ठेवलं. हे कुलूप. याच्यात खोटेपणा होऊच शकत नाही. हे असलं की पहिल्या रिंगला उचलायचं. तिने मान हलवली. पुढचा कॉल पहिल्या रिंगला उचलला आणि घाबरल्यासारखी हसली. टेम्पोवाला काकड्या म्हणाला, चला, बुधीबाईची पोर सुधारली.

संध्याकाळी दक्षाने माझ्यासाठी चिकू आणले. फार गोड होते.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

सगळं छान चाललंय. तक्रारी थांबल्या. बुधीबाईंच्या अंगणात तांदळाची भाकरी थापायला शिकतेय, माझी भाकरी बघून कोंबड्याही लांबून जातात.

एक खटकलं ते लिहून ठेवते. शनिवारपासून रोज दिवेलागणीला एक मोबाइल आत येतो. सर्टिफिकेट खरं, नाव रूपी. आमच्याकडे रूपी नावाचं कुणी नाही. मागच्या नोंदी काढल्या तर हा मोबाइल भर पावसाळ्यापासून रोज संध्याकाळी येतोय. एकदाच दार वाजवतो आणि जातो. सुदामच्या नियमामुळे त्याला कधी उत्तर मिळालं नव्हतं. आता मिळतं.

नोकरी सोडून गेलेल्या बाईचा मोबाइल कुणाच्या तरी हाती लागला असणार. अशी सर्टिफिकेटं वेळच्या वेळी रद्द करायची असतात, सुदामने केलं नाही. मी केलं. दार बंद. उद्या दक्षाला विचारते, ही रूपी कोण.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

विचारायला नको होतं असं वाटतंय.

रूपी दक्षाची जोडीदारीण. दोघी एका फेऱ्यावर असायच्या. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी नदीवरच्या फरशी पुलापलीकडे मिरचीचे क्रेट घेऊन रूपी एकटीच अडकली. दक्षाची पाळी होती, पण ती तापाने झोपलेली, म्हणून रूपी गेली. पाणी पुलावरून वाहू लागलं. रूपीने ॲपवरून निरोप पाठवायचा प्रयत्न केला, मदत पाठवा. नेमका तेव्हा गोदामात सर्व्हर बंद पडलेला. ती सापडली नाही. मोबाइलही नाही. अंग सापडलं नाही म्हणून घरच्यांनी अजून तिचे दिवस घातले नाहीत. दक्षा हे सगळं भांडी घासता घासता बोलली, माझ्याकडे एकदाही न बघता.

सुदामला वापीला फोन लावला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, सर्व्हर चालू झाल्यावर त्याने गोदामाच्या राउटरच्या नोंदी पाहिल्या, त्या संध्याकाळी रूपीच्या मोबाइलने किती वेळा दार वाजवलं होतं ते मोजवेना. दुसऱ्या दिवसापासून मात्र रोज एकदाच. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, तिसऱ्या हाकेशिवाय उघडू नको. त्याचा स्वतःचा विश्वास होता का? त्यालाही ठाऊक नाही. ऑफिसात सांगायची लाज वाटली म्हणून गुपचूप नियम टाकला आणि नोकरी सोडली. सर्टिफिकेट रद्द करायला हात उठला नाही म्हणाला.

मी त्याला सांगितलं की नियम मी काढलाय.

पाण्यात बुडालेला मोबाइल तीन महिने चालू राहत नाही. कुणीतरी चेष्टा करतंय, आणि ती करणारा सापडला तर मी त्याला सोडणार नाही. मला राग आलाय. हो, रागच आहे हा.

शनिवार, २३ नोव्हेंबर

काकड्या.

काल संध्याकाळी ॲपवर त्याला एक फेरा आला. ठिकाण, फरशी पूल. माल, मिरचीचे क्रेट. खाली लिहिलेलं, मदत हवी. तो टेम्पो घेऊन गेला. आज सकाळी सापडला, नदीत, गुडघाभर पाण्यात उभा. हात असे पुढे, काहीतरी उचलून मागे टेम्पोत ठेवतोय. टेम्पो रिकामा.

त्याच्या घरी जाऊन आले. जिवंत आहे, अंगात ताप नाही. बसलाय भिंतीला टेकून. कुणी काही बोलो न बोलो, थोड्या थोड्या वेळाने म्हणतो, "ओ." कुणीच हाक मारलेली नसते.

ऑफिसमधून तो फेरा कुणी पाठवला नव्हता. नोंदी तपासल्या. बाहेरून काही आलेलं नाही. फेरा आतून गेलाय, कंपनीच्या स्वतःच्या सहीने. रूपीचं सर्टिफिकेट मी रद्द केलंय, ते रद्दच आहे. पण त्याआधी रोज संध्याकाळी पहिल्या ठोक्याला मीच दार उघडत होते. आत आल्यावर दाराशी काय काम?

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आई नेहमी म्हणायची, मला उद्देशूनच.

रविवार, २४ नोव्हेंबर

सुदामचा नियम परत टाकला. उपयोग शून्य.

नविनभाईंना म्हटलं, सर्व्हर बंद ठेवू या. मोसमात? ते म्हणाले, काकड्या दारू पितो हे अख्ख्या नाक्याला माहीत आहे. मी म्हटलं, तो प्यायलेला नव्हता. थकल्या आहात, सुट्टी घ्या म्हणाले.

ॲपच्या नकाशावर फेऱ्यावरच्या माणसांचे ठिपके दिसतात. आज रविवार, सगळे घरी. एक ठिपका हलत होता. नाव नाही. फरशीपासून वर, नदीच्या पात्रातून, हळूहळू. पात्र सोडून रानशेतच्या रस्त्याला लागला.

दक्षाच्या ठिपक्याकडे.

सोमवार, २५ नोव्हेंबर

सर्व्हर बंद केला. कुणाला न विचारता. मागची वायर ओढून काढली, अजून माझ्या पिशवीत आहे.

घरी येऊन दक्षाचा मोबाइल हातात घेतला. ॲप उघडलं.

सर्व्हर बंद आहे. वायर माझ्यापाशी. आणि ॲपवर हिरवं कुलूप. मग बोलतंय कुणाशी—

ॲपच काढून टाकलं तिच्या मोबाइलमधून. मी सांगेपर्यंत कामावर जायचं नाही म्हटलं. ती म्हणाली, रूपी मला बोलावते का गं ताई? माझ्या पाळीचा फेरा होता ना तो. मी म्हटलं, वेडी आहेस का. मिठी मारली तिला. तिचे हात थंडगार होते, नाहीतर माझेच असतील.

एक उपाय आहे. सगळी सर्टिफिकेटं ज्या मूळ किल्लीतून निघतात, ती बदलायची. मग जुनं प्रत्येक सर्टिफिकेट एकदम मरतं, सर्व्हरचं स्वतःचंही. ज्याच्याकडे जे असेल ते. मूळ किल्ली पेनड्राइव्हवर सुदामकडे आहे. उद्या पहाटेच्या बसने वापी.

दक्षाला काही होऊ द्यायचं नाही. बाकी मला काही नको.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

पेनड्राइव्ह मिळाला. सुदाम स्टँडवर आला होता. परत येताना बसमध्ये मोबाइल बंद पडला, चार्जिंग संपलं. एवढंच. एवढीशी गोष्ट.

चारोटीला उतरले. गोदामात सर्व्हर चालू. नविनभाईंनी नवी वायर आणून लावली. माल खोळंबला होता म्हणे. सकाळीच दक्षाला बोलावून ॲप परत टाकून दिलं. रोशनीबेननी हो म्हटलंय असं सांगितलं.

मी किल्ली बदलली. सगळी कुलपं लाल झाली, एकूण एक. उशीर झाला होता. नोंदीत शेवटचा कॉल, दुपारचा. माझ्या नावाने. दक्षाला.

मिरची तोडणारी संगीता तिच्या शेजारीच होती. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. मोबाइल वाजला. दक्षाने बघितलं आणि चेहरा उजळला. म्हणाली, "ताय हाय, कुलूप हिरवा हाय. लगेच उचलवाचा, तिनाच सांगलाय." पहिल्या रिंगला उचलला. संगीतानेही ऐकला तो आवाज. माझा आवाज. फरशीवर ये, मदत हवी. दक्षा स्कूटर घेऊन गेली. हसत गेली.

मी तेव्हा बसमध्ये होते.

मीच शिकवलं तिला.

स्कूटर फरशीवर उभी सापडलीय, स्टँडवर नीट लावलेली. गावातली माणसं नदीवर गेलीत, पोलीसही. मला म्हणाले, तू म्हातारीजवळ थांब.

थांबलेय. दिवे लागले. बुधीबाई तिकडे चुलीपाशी बसल्यात, मी इकडे खोलीत. मधलं दार उघडं आहे, मला त्यांची पाठ दिसते. चूल पेटवलेली नाही. काही विचारत नाहीत. मी सांगितलं त्यांना, सगळं सांगितलं, हिरव्या कुलपाचंही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. लिहीत राहते, नाहीतर ओरडेन.

मिरचीचा वास येतोय. ओल्या मिरचीचा. अंगणात तर वाळलेली आहे.

हाक—

अंगणातून. "आये."

दक्षाचा आवाज. दक्षाचाच आहे. उठले होते, पेन टाकून. बुधीबाईंनी न वळता हात वर केला. थांब. बरोबर. थांबायचं. एकच झाली.

कुणी हलत नाहीये. बुधीबाईंचे ओठ हलतात. मोजतात.

दुसरी मार. दक्षा, दुसरी मार गं. मी परत कधी हसणार नाही. तीन मार, दहा मार, रात्रभर मार. आम्ही आहोत इथे. दुसरी मार—

काही नाही.

कोंबड्याही गप्प आहेत.

काही नाही. एकदाच. एकदाच मारली तिने. म्हणजे

बुधीबाईंना कळलं. खांदे पडले त्यांचे. रडल्या नाहीत. पदर नीट केला. उठल्या. मी नको म्हणतेय—

जन्मभर जिने पहिल्या हाकेला—

"ओ," म्हणाल्या. अगदी हळू. "ओ, माझे बाय. आले."

कडी काढतायत. बाहेर ओले पाय वाज—